हाताची कड

पत्ते टाकायचे असले की बाबा डाव्या हाताची कड टेबलावरून बाहेरच्या अंगाला सरकवत. एकदाच, हलकेच. दुकान होतं तेव्हा काच कापून झाल्यावर टेबलावरचा चुरा ते असाच झाडत. बोटं वर उचललेली, करंगळीची बाजू खाली. कारण चुऱ्याला बोट लावलं की तो बोटात शिरतो आणि आठवडाभर ठणकत राहतो. दीड वर्षापूर्वीच्या झटक्यानं बाबांची वाचा नेली, उजवा हात नेला, चालणं अर्धं नेलं. उजव्या हाताची ही सवय मात्र गुपचूप डाव्यात राहायला आली.

धाकटीनं ती ओळखली आणि बापलेकीची भाषा ठरली. कड सरकली, पत्ते टाकायचे. एक टकटक, समोरच्यानं लावलेत तेवढे आपण लावायचे. दोन टकटक, वाढवायचे. टॅबलेटवर त्याची तीन बटणं होती: फोल्ड, कॉल आणि रेझ. ती धाकटी दाबायची, कारण बाबांचं बोट पडद्यावर भलत्याच जागी टेकायचं.

रोज दुपारी चारला ती दातांच्या कारखान्यातून यायची. कारखाना म्हणजे दोन खोल्या, सहा माणसं आणि प्लास्टरची धूळ. दवाखान्यांतून लोकांच्या तोंडाचे साचे येत, त्यांवर ही कवळ्या बसवायची. कितीही हात धुतले तरी नखांच्या कडा पांढऱ्या राहत. बाबांच्या घरी येऊन ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बाबांच्या डाव्या अंगाला बसे. टेबलावर बाबांनीच कापलेली जाड काच होती, त्यामुळे टकटक स्वच्छ वाजायची.

खेळ पोकरचा, आणि तोही सगळ्यात खालच्या टेबलाचा. तासभर हरलं तरी दोन चहांचे पैसे जात. सहा खेळाडू, कुठले कुठले. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते झाकलेले, मधे पाच उघडे, सगळ्यांचे मिळून. सातांतून ज्याची पाच पानं भारी जुळली, त्याचा डाव. पडद्यावर नावं होती, तोंडं नव्हती. बाबांचं नाव ‘काचवाला’. तिथं कुणीच बोलत नसे, म्हणून बाबांचं न बोलणं कुणाला दिसत नसे. धाकटीला वाटायचं, अख्ख्या जगात एवढीच एक बैठक उरली आहे, जिथं बाबा इतरांएवढेच आहेत.

प्रत्येक वेळी ठरवायला तीस सेकंद मिळत. हिरवी रेघ आखडत जाई. बाबा ती शेवटपर्यंत आखडू देत, हातात कचरा असला तरीही. सुरुवातीला धाकटी वैतागायची. “बाबा, दुरी-सत्ती आहे हो, टाका की!” मग तिच्या ध्यानात आलं, चांगल्या पत्त्यांना तेवढाच वेळ, वाईटांनाही तेवढाच, समोरच्यानं वाचायचं तरी काय? आणि वेळ सरत असताना बाबा गुणगुणत. शब्द गेले होते, चाल राहिली होती. दुकानात काच कापताना म्हणायचे तीच.

धर पट्टी, ओढ रेघ,
मागे वळून नको बघ.
एकदाच, हलका हात,
काच देते आपली साथ.

पट्टी धरायला लहानपणी धाकटीच असायची. काचेवर लाकडी पट्टी दोन्ही हातांनी दाबायची, आणि बाबा हिरकणीनं, काच कापायच्या हिऱ्याच्या टोकानं, रेघ ओढणार. हिरकणी काचेवरून जाताना असा काही आवाज करायची की हिचे दात शिवशिवायचे, आणि भीतीच्या भरात ही पट्टी बाबांच्या हातावर ढकलायची. “पट्टी धर गं,” बाबा म्हणायचे, “मला नको धरूस.”

गेल्या बुधवारी तिनं पुन्हा बाबांना धरलं.

त्या दिवशी ती हॉस्पिटलातून थेट टेबलावर आली होती. बाबांच्या मानेतली, मेंदूकडे जाणारी रक्ताची नळी अरुंद झाली होती. डॉक्टरांनी ऑपरेशनच्या धोक्याचे आकडे सांगितले होते. तेच आकडे कानात घुमत असताना बाबांना दोन नव्व्या आल्या आणि कुणीतरी मोठी रक्कम लावली. बाबांनी पूर्ण वेळ घेतला, मग एक टकटक. स्वच्छ. धाकटीनं ती ऐकली, आणि तिच्या बोटानं फोल्ड दाबलं. तिला त्या क्षणी काहीच पणाला लागलेलं बघवत नव्हतं. चार नाणीसुद्धा.

बाबांनी पडद्याकडे पाहिलं. मग तिच्या बोटाकडे.

“चुकून दाबलं हो, बाबा.”

बाबांनी मान हलवली. ‘हो, हो, समजलं’ अशी. मग डाव्या हातानं टॅबलेट पालथा घातला. गुरुवारी तो पालथाच. शुक्रवारी, शनिवारी, रविवारीही. पाच वाजले की धाकटी त्याच्यावरची धूळ पुसून आपल्या घरी जायची.

सोमवारी दादा आला. धाकटीहून सात वर्षांनी मोठा, धंद्यानं गाडी शिकवणारा. त्याच्या गाडीत शिकाऊ माणसाच्या पायाशी असतो तसाच एक ब्रेक दादाच्याही पायाशी होता, आणि बावीस वर्षं त्याचा पाय त्या ब्रेकवर तरंगत राहिला होता. घरात सोफ्यावर बसला तरी उजवा पाय जरा पुढेच.

“ऑपरेशनचा फॉर्म आणलाय,” तो म्हणाला. “उद्या बारापर्यंत द्यायचा. नाहीतर ती तारीख दुसऱ्याला देतील, मग दोन महिने वाट बघा.”

फॉर्मवर सहीच्या दोन ओळी होत्या. वरची रुग्णाची. खालची नातेवाइकाची, ‘रुग्ण निर्णय घेण्यास असमर्थ असल्यास’.

“मी खालच्या ओळीवर करून टाकतो.”

“बाबा इथंच बसलेत, दादा.”

“मग विचारतो ना!” दादानं आवाज चढवला, वाचा गेल्यापासून तो बाबांशी कानच गेल्यासारखा बोलायचा. “बाबा! ऑपरेशन करून टाकू या ना?”

बाबांनी मान हलवली.

“बघ. हो म्हणाले.”

“आता विचार, नको ना करायचं?”

“हा काय पोरखेळ...”

“विचार तर.”

“बाबा, ऑपरेशन नको ना?”

मान हलली. तशीच, तेवढीच.

“गिऱ्हाइकाची मान आहे ती,” धाकटी म्हणाली. “गिऱ्हाईक काहीही बरळलं तरी बाबा अशीच हलवायचे, आणि मग स्वतःला पटेल तेच करायचे. विसरलास?”

दादाला हसू आलं. मग ते ओसरलं. “म्हणजे तूच म्हणतेस, विचारून उपयोग नाही. म्हणून तर खालची ओळ.”

“मानेला नको विचारूस. हाताला विचार.”

“तुला ऑपरेशन नकोय, म्हणून हे सगळं चाललंय.”

“हो, नकोय मला. त्यांचं हृदय आधीच थकलंय, शंभरातले आठ त्या टेबलावरच बिघडतात म्हणाले डॉक्टर. आठ! मला नकोच आहे. पण मी माझं नाही मागत. ठरवता येतं त्यांना. बस आणि बघ.”

ती हे बोलली खरी, पण मनातून तिची खात्री होती. बाबा जपून खेळणारे. दहा डावांतले आठ टाकणारे. त्यांच्या हाताला विचारलं तर कड सरकणार, आणि फॉर्म कोरा परत जाणार.

“बाबा,” ती खाली वाकली, “दादाला दाखवायचंय. खेळायचं?”

बाबांनी तिच्या पांढऱ्या नखांकडे पाहिलं. बराच वेळ. मग टॅबलेट सरळ केला.

पहिले सहा-सात डाव कड सरकत राहिली. दादा जांभया द्यायला लागला. “हे खेळणं आहे की टेबल पुसणं?”

“गप बस.”

मग दोन राजे आले. बाबांचा चेहरा हलला नाही, गुणगुणही तीच. मधे तीन पत्ते उघडले: राजा, नव्वी, अठ्ठी. तिसरा राजा. दोन टकटक, धाकटीनं वाढवलं. बाकीचे गळाले, एकच उरला. त्याचं नाव ‘मुंगी’. धाकटी त्याला महिनाभर ओळखत होती. नावाप्रमाणेच एकेक दाणा उचलणारा. मोठी रक्कम त्यानं कधी पुढे सरकवलेली तिनं पाहिली नव्हती. चौथा पत्ता दश्शी. बाबांनी पुन्हा वाढवलं, मुंगी मुकाट्यानं तेवढेच लावून राहिला. पाचवा पत्ता सत्ती.

आणि मुंगीनं होते नव्हते ते सगळे मधे सारले. आता राहायचं तर बाबांनाही समोरचा ढीग सगळा लावावा लागणार होता.

दादा पुढे सरकला. पत्त्यांतलं त्याला थोडंफार कळायचं. “तीन राजे आहेत आपल्याकडे! लाव की! धाकटे, दाब ते!”

“मी दाबत नाही. बाबा सांगतात.”

हिरवी रेघ आखडायला लागली. बाबा गुणगुणत होते. त्यांची नजर मुंगीच्या नावावर गेली, मधल्या पत्त्यांवर आली, पुन्हा मुंगीवर. मग डावं बोट हवेतच पत्त्यांवरून फिरलं: सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी. चौघी एका ओळीत. बोट पुढे रिकाम्या जागेवर जाऊन थांबलं. तिथं गुलाम बसला की पाचांची माळ पुरी. अलीकडच्या टोकाला छक्की बसली तरीही. आणि माळेपुढे तीन राजे म्हणजे तीन पाहुणे, नुसते येऊन बसलेले.

रेघ संपत आली. गुणगुण थांबली. हाताची कड काचेवरून बाहेर सरकली.

धाकटीच्या बोटाखाली आता दोनच बटणं होती, फोल्ड आणि कॉल. बाबा पडद्याकडे बघत नव्हते, तिच्या बोटाकडे बघत होते. तिनं फोल्ड दाबलं.

“अरे!” दादा उठूनच उभा राहिला. “तीन राजे टाकले! तीन! आता तरी पटलं? कळत नाहीये गं त्यांना काही.” मग पडद्यात डोकावून, “काय होतं त्या मुंगीकडे?”

“नाही दाखवत.”

“नाही दाखवत म्हणजे?”

“आपण टाकल्यावर समोरच्याला दाखवावे लागत नाहीत.”

“मग कधी कळणार?”

“कधीच नाही.”

दादा खाली बसला. बाबांनी पेला जवळ ओढून पाणी प्यायलं. उजवीकडून थोडं ओघळलं, ते धाकटीनं टिपलं.

“म्हणजे बरोबर टाकले की चूक, हे सांगणारं कुणीच नाही,” दादा म्हणाला.

“कुणीच नाही.”

तो काचेत दिसणाऱ्या स्वतःच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. “शिकाऊ माणसाचे मी हात नाही बघत,” तो हळूच म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज साध्या माणसाशी बोलावा तसा उतरला होता. “डोळे बघतो. आरसे बघतोय की नाही, तेवढंच. आत्ता बाबा आरसे बघत होते. तीनदा मागे बघितलं त्यांनी. दे इकडे.”

त्यानं टॅबलेट ओढून घेतला. पुढच्या डावात बाबांना एक्का आणि राणी आली, आणि दोन टकटक वाजल्या. दादानं रेझ दाबलं. दाबताना त्याचा उजवा पाय टेबलाखाली फरशीत रुतला.

“पाय बघ तुझा!”

“अगं, आपोआप जातो तो.” दादा कानापर्यंत लाल झाला होता. “ब्रेक नाहीये ना इथं.”

बाबांच्या घशातून एक आवाज आला. दीड वर्षात इतका हसण्याजवळ जाणारा आवाज त्यांनी काढला नव्हता. सगळ्यांनी पत्ते टाकले. बाबांना मधली दोन-चार नाणी मिळाली. दादानं टॅबलेट बाजूला ठेवला आणि फॉर्म काचेवर आणला.

“विचार,” तो म्हणाला. “हाताला.”

धाकटीच्या पिशवीत एक डबा होता. कारखान्यातले उरलेले दात, कुणाच्या रंगाशी न जुळलेले. तिनं मोजून आणले होते. काचेवर ओतले तेव्हा गारा पडल्यासारखा आवाज झाला.

“हे काय? दातांवर सही घेणार बाबांची?”

“आकडे दाखवणार.” तिनं शंभर दात दहा-दहांच्या ओळींत मांडले. “बाबा, ही शंभर माणसं. तुमच्यासारखी. ऑपरेशन केलं, तर त्यांतली ही आठ...” तिनं आठ दात बाजूला सरकवले. “ही टेबलावरच जातात, नाहीतर आहे त्याहून वाईट होतात. बाकीची बरीच वर्षं नीट राहतात.” तिनं आठही परत आणले. “नाही केलं, तर आज कुणालाच काही नाही. पण तीन वर्षांत...” आता तिनं पंचवीस सरकवले. एक एक. हात चुकू नये म्हणून मोजत. मनात आलं, वीसवर थांबावं, कोण मोजतंय? ती पंचविसावर थांबली. “एवढ्यांना परत झटका. आणि त्यातलं कोण कुठल्या ओळीत, ते डॉक्टरांनाही माहीत नाही. वाजवलंत तर हो. झाडलंत तर नाही.”

मग ती थांबली. अजून एक राहिलं होतं.

“बाबा, बुधवारी चुकून नाही दाबलं. तुम्ही राहायचं म्हणालात, मी टाकले. मला भीती वाटली.”

दादा तिच्याकडे बघायला लागला. बाबांनी मान हलवली नाही. बाबांनी डोळे मिटले, उघडले, आणि गुणगुणायला सुरुवात केली.

इथं हिरवी रेघ नव्हती. चाल एकदा पुरी झाली, दुसऱ्यांदा सुरू झाली. बाबांनी पंचविसांतला एक दात उचलला, अंगठ्यानं त्याची धार पाहिली, ठेवला. मग हात काचेवर टेकवून सगळे दात जवळ ओढले, आपल्या छातीकडे, आणि त्यांचा एक ढीग केला.

“झाडले,” दादा म्हणाला. त्यानं दीर्घ श्वास सोडला. “नाही म्हणाले ते.” पेनाचं टोपण त्यानं परत लावलं. “ठीक आहे. तू जिंकलीस, धाकटे. मी नाही आता मधे पडत. उद्या फोन करून सांगतो त्यांना.”

धाकटी बाबांच्या हाताकडेच बघत होती.

तिनं पाहिलं होतं. ती कड नव्हती. हात आत आला होता, बाहेर गेला नव्हता, आणि दात बोटांच्या पोटांनी ओढले होते. चुऱ्याला बाबा बोट लावत नसत. दादाला यातलं काय ठाऊक? दादा दुकानात कधी थांबायचाच नाही. या घरात हे कळणारं माणूस एकच होतं, आणि त्याला फक्त गप्प राहायचं होतं. फॉर्म कोरा जाणार. बाबा उद्या चारला इथंच बसणार, परवाही. आज शंभरच्या शंभर दात जागेवर.

आणि गुणगुण चालूच होती.

दादा फॉर्मची घडी घालत होता. एक घडी झाली. दुसरी.

“थांब,” धाकटी म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. “ते झाडणं नाही. बाबांनी टेबल मोकळं केलंय नुसतं. अजून ठरवतायत ते.”

“तुला काय माहीत?”

“गुणगुण थांबली नाही.”

दादानं घड्या उलगडल्या. दोघं बहीणभाऊ बाबांच्या हाताकडे बघत बसले. हातावर वयाचे डाग होते, अंगठ्याच्या मुळाशी काचेचा एक जुना पांढरा वण. चाल तिसऱ्यांदा शेवटाशी आली, ‘काच देते आपली साथ’च्या जागी खाली उतरली, आणि थांबली.

टकटक.

मग आणखी एक. पहिलीहून जड.

“दोनदा का?” दादानं विचारलं.

“वाढवलं,” धाकटी म्हणाली.

दादानं पेन बाबांच्या डाव्या हातात दिलं आणि फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला. त्याचा पाय टेबलाखाली फरशीवर दाबलेलाच होता. काचेवर कागद निसटत होता. धाकटीनं दोन्ही हातांनी कागदाच्या कडा धरल्या. बाबांनी पेन वरच्या ओळीच्या सुरुवातीला टेकवलं आणि थांबले. तिच्याकडे पाहिलं. तिनं खाली पाहिलं, तर कागद तिच्या हातांनी किंचित वर, बाबांच्या हाताकडे ढकलला जात होता.

तिनं हात सैल केले. मग नुसता कागद धरला.

बाबांनी रेघ ओढली. नाव नाही, अक्षर नाही. डावीकडून उजवीकडे एकच रेघ, न उचलता, हलक्या हातानं. ती ओळीबरोबर गेली, ओळ संपल्यावरही गेली, कागदाच्या कडेवरून उतरून बोटभर काचेवर आली. मग पेन थांबलं.

दादानं खिशातला रुमाल काढला.

“काचेवरची राहू दे,” धाकटी म्हणाली.